मुक्या जिवाचा आजार ओळखायचा कसा? (पोपट, कासव, साप, बिबट्या, चितळ... सगळेच)

वनतुळस

नमस्कार मंडळी. परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की पोपट सकाळी चांगला शिट्ट्या मारत होता आणि दुपारी गेला, असं कसं होतं? तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते एवढं लांबलं की म्हटलं वेगळाच धागा काढावा. मी पुण्यात पशुवैद्यक आहे, कुत्री-मांजरं बघतेच पण माझा बराच वेळ पक्षी, कासवं, इग्वाना, ससे यांच्यात जातो आणि वनखात्यामार्फत येणारे जखमी-आजारी प्राणीही अधूनमधून तपासायला मिळतात.

तर पहिली गोष्ट म्हणजे हे प्राणी आजार लपवतात. कुत्र्याला बरं नसलं की ते येऊन पायाशी पडतं, पण थव्यात जो पक्षी मरगळलेला दिसेल त्याच्यावर शिकरा आधी झडप घालतो, त्यामुळे शेवटपर्यंत ठणठणीत दिसायचं ही त्यांची जगण्याची रीतच आहे आणि पिंजऱ्यात जन्मलेला पक्षीसुद्धा तेच करतो. तो पिसं फुगवून तळाशी बसला, श्वासाबरोबर शेपटी वरखाली व्हायला लागली, की समजायचं आजार जुना आहे, आज फक्त लपवायची ताकद संपली. लोक म्हणतात 'अचानक' गेला. अचानक जाणारे फार थोडे असतात. (एक खरंच अचानक असतं ते म्हणजे नॉनस्टिक तवा. रिकामा तवा गॅसवर राहून जास्त तापला तर त्यातून जो वायू निघतो त्याने बाजूच्या खोलीतले पक्षी काही मिनिटांत मरतात, माणसाला वासही फारसा येत नाही. ज्यांच्याकडे पक्षी आहेत त्यांनी हे आजच घरात सगळ्यांना सांगा.)

म्हणून माझी तपासणी प्रश्नांनी सुरू होते. काय खातो, किती दिवसांपासून तेच खातो, पिंजरा कुठे टांगलाय, नवीन पक्षी आणलाय का, आणला तर तो वेगळा ठेवला होता का. मी लोकांना सांगते की पिंजरा धुवून-पुसून आणू नका, खाली घातलेला पेपर तसाच घेऊन या. पक्ष्याच्या विष्ठेत तीन भाग असतात, घट्ट भाग, पांढरा भाग आणि पाणी, आणि या तिन्हींचा रंग वेगवेगळा वाचावा लागतो, पांढरा भाग हिरवट-पिवळा दिसला की माझं लक्ष लगेच यकृताकडे जातं. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया खाऊन राहिलेला पोपट असेल तर चोच उघडून टाळू बघायचा, तिथले बारीक काटे बोथट झालेले असले की अ जीवनसत्त्व कमी पडलंय हे कुठल्याही रिपोर्टच्या आधी कळतं.

कासव-सरड्यांचं तर निम्मं निदान त्यांच्या टाकीतच असतं. इग्वानाचा जबडा रबरासारखा मऊ लागतो, पाय थरथरतात, एक्स-रेत हाडं धुरकट दिसतात, आणि मालक मनापासून सांगतात की रोज दोन तास उन्हात ठेवतो. कुठे? तर बंद खिडकीच्या काचेमागे. हाडांसाठी लागणारे यूव्हीबी किरण साध्या काचेतून येतच नाहीत! ऊब येते, उजेड येतो, ड जीवनसत्त्व बनत नाही, मग कॅल्शियम कितीही पाजा ते शोषलं जात नाही. इथे आजाराचं नाव लिहिणं सोपं आहे, तो का झाला हे शोधलं नाही तर औषध देऊन पुन्हा त्याच टाकीत पाठवायचं.

रक्त तपासणीचं सांगते. आपल्या आणि कुत्र्याच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, पक्षी आणि सरपटणाऱ्यांच्या तांबड्या पेशीत असतं. त्यामुळे नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमधलं पेशी मोजायचं मशीन गोंधळतं, तांबड्याला पांढरी समजतं, आणि भलताच आकडा छापून देतं. काच-पट्टीवर पसरवून, रंगवून, माणसानेच डोळ्यांनी मोजावं लागतं. शिवाय रक्त घ्यायचं किती? वजनाच्या एक टक्क्याच्या आतच, म्हणजे ३०-३५ ग्रॅमच्या बजरीगर या छोट्या पोपटाकडून फार तर ०.३ मिली, ज्यात एखाद-दुसरी तपासणी होते, त्यामुळे आधी डोकं लावून ठरवायचं की नेमकं काय शोधतोय. आणि आकडा आला तरी तो नॉर्मल आहे का हे ठरवायला त्या जातीचे निरोगी आकडे हवेत, सरपटणाऱ्यांमध्ये तर ते ऋतूनुसार आणि तापमानानुसार बदलतात. जगभरची प्राणीसंग्रहालयं आपापले रिपोर्ट एका सामाईक नोंदवहीत भरतात, झिम्स म्हणतात तिला, त्याचा फार आधार वाटतो.

मला या धाग्यात खरं सांगायचंय ते हेच. या प्राण्यांचं निदान आजारी पडल्यावर सुरू केलं तर उशीर झालेला असतो. निरोगी असताना त्याचं वजन किती, खाणं किती, विष्ठा कशी, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असेल तरच आज काय बिघडलं ते दिसतं. आणि एवढं करूनही तो गेलाच, तर त्याला तसाच पुरू नका. का ते पुढे प्रतिसादांत लिहिते. तुमचेही अनुभव लिहा.

कोथरूडची_चिऊ

वाचनखूण साठवली ताई. आमच्याकडे कॉकाटिएल आहे, तीन वर्षांची. वजन रोज करायचं म्हणजे कसं, ती हातात घेतली की फडफडते. आणि किती कमी झालं म्हणजे घाबरायचं?

वनतुळस

चिऊ, किचनमधला ग्रॅमवाला डिजिटल काटा घे, त्यावर तिची एखादी काठी बसव आणि काठीसकट शून्य कर. बाजरीच्या कणसाचं आमिष दाखवलं की आपणहून चढते, चार-पाच दिवसांत सवय लागते. रोज सकाळी पहिली शी झाल्यावर आणि खायच्या आधी, एकाच वेळेला. कॉकाटिएल साधारण ८० ते १०० ग्रॅमची असते, पण पुस्तकातला आकडा सोड, तुझीचा तिचा स्वतःचा आकडा काय ते बघ. त्यात दहा टक्के घट झाली तर बाकी काही दिसत नसलं तरी डॉक्टरकडे ने. पिसांमुळे पक्षी वाळलेला वरून दिसत नाही, छातीचं मधलं हाड बोटाला धारदार लागायला लागलं की मग लोकांच्या लक्षात येतं आणि तोवर बरंच गेलेलं असतं.

स्टेथो

मी माणसांचा डॉक्टर, फिजिशियन. एक भर घालतो. पोपट वर्गातल्या पक्ष्यांपासून माणसाला सिटॅकोसिस होतो, क्लॅमायडिया सिटासी नावाचा जंतू, सुकलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली की. ताप, जबरदस्त डोकेदुखी, कोरडा खोकला, एक्स-रेत न्यूमोनिया, आणि नेहमीच्या काही अँटिबायोटिक्सना दाद नाही. डॉक्सिसायक्लिन दिलं की पेशंट दोन दिवसांत उठून बसतो, पण ते सुचायला पेशंटने घरात पक्षी आहेत हे सांगायला हवं ना! आम्हीही विचारत नाही हे खरंय, ओपीडीत तेवढा वेळ नसतो, पण विचारायला पाहिजे. कृपया खोकला-ताप असेल तर आपणहून सांगा.

वनतुळस मॅडम, पक्ष्यात हे कसं पकडता? एक स्वॅब निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो का?

वनतुळस

नाही डॉक्टर, सुटलो नाही. तो जंतू पक्ष्याच्या अंगातून सतत बाहेर पडत नाही, मधूनमधून पडतो, त्रास झाला, जागा बदलली, थंडी वाजली की जास्त. म्हणून टाळू आणि शीच्या जागेचा स्वॅब आणि काही दिवसांची एकत्र विष्ठा असं पाठवते पीसीआरला, आणि तरी निगेटिव्ह आला पण लक्षणं बोलत असतील तर पुन्हा. उपचारही लांबलचक, दीड महिना तरी. मालक पंधरा दिवसांत म्हणतात बरा झाला आता बंद करू का. करू नका.

मावळखोरे

धागा चांगला आहे पण एक प्रामाणिक प्रश्न. पाळलेल्याचं समजू शकतो, तो आपण आणलाय, आपली जबाबदारी. पण जंगलातला प्राणी आजारी पडला, मेला, तर ते निसर्गाचं चक्र नाही का? गिधाड मेलं काय, माकड मेलं काय, त्याचे नमुने कुठे कुठे पाठवायचे, चाचण्या करायच्या, हा पैसा अधिवास वाचवायला वापरला तर जास्त उपयोग होईल असं मला वाटतं. जंगल नीट असेल तर प्राणी आपले आपण बघून घेतात.

निवृत्त_सूक्ष्मदर्शक

मावळखोरे, तुम्ही नेमकी दोन उदाहरणं घेतलीत, गिधाड आणि माकड, आणि दोन्हीवर मी तुम्हाला उत्तर देऊ शकतो कारण माझं आख्खं आयुष्य प्रयोगशाळेत गेलं.

गिधाडं. नव्वदच्या दशकात पांढऱ्या पाठीची गिधाडं मरायला लागली, मान खाली टाकून झाडावर बसायची आणि खाली पडायची, १९९२ ते २००७ मध्ये भारतात ९९ टक्क्यांहून जास्त गेली. जंगल होतं, खायला मेलेली गुरं होती, तरी गेली. सगळ्यांना वाटलं काहीतरी विषाणू असणार. विषाणू शोधले, जिवाणू शोधले, कीटकनाशकं शोधली, जड धातू शोधले, हाती काही लागेना. शवविच्छेदनात मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती, काळजावर, यकृतावर, किडनीवर पांढऱ्या चुन्यासारखा थर, म्हणजे युरिक ॲसिड साचलेलं, म्हणजे किडनी बंद पडलेली. पाकिस्तानात काम करणाऱ्या चमूने किडनीचे तुकडे तपासले आणि त्यांच्या डोक्यात प्रश्न आला की किडनी खराब करणारं असं काय आहे जे गुरांना दिलं जातं? ते निघालं डायक्लोफिनॅक, गुरांच्या दुखण्यावरचं साधं इंजेक्शन. २००४ साली हे प्रसिद्ध झालं, २००६ ला भारतात जनावरांसाठी बंदी आली, पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम आलं जे गिधाडांना सुरक्षित आहे. आता सांगा, ते पांढरे थर कुणी पोट उघडून बघितलेच नसते तर? जंगल राखून ठेवलं असतं आणि गिधाडं त्या जंगलात मरत राहिली असती.

माकडं. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळ क्यासनूरच्या जंगलात माकडं मरत होती आणि आजूबाजूच्या गावांत लोक तापाने पडत होते. माकडं मरतायत म्हटल्यावर पहिली शंका पीतज्वराची, आणि तो भारतात आला असता तर हाहाकार होता. आपल्या पुण्यातलं व्हायरस रिसर्च सेंटर, जे १९५२ ला सुरू झालं आणि आज एनआयव्ही म्हणून सगळ्यांना माहीत आहे, तिथल्या लोकांनी जाऊन मेलेल्या माकडांचे आणि आजारी माणसांचे नमुने आणले आणि गोचिडीतून पसरणारा नवाच विषाणू शोधला, तोच केएफडी, माकडताप. आज आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला तो आहे. तिथे मेलेलं माकड दिसलं की आरोग्य खातं आधी धावतं, कारण माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या त्या जागी पसरतात आणि पुढचा नंबर काजूच्या बागेत काम करणाऱ्या माणसाचा असतो. माकडाचं निदान म्हणजे माणसाला आगाऊ मिळालेली खबर आहे, ती फुकट घालवायची?

मावळखोरे

काका, गिधाडांचं डायक्लोफिनॅक माहीत होतं पण ते आधी विषाणूत शोधत बसले होते हे माहीत नव्हतं. मुद्दा मान्य. अधिवासाचं माझं म्हणणं मी सोडत नाही, पण दोन्ही लागतं हे पटलं.

वनतुळस

काकांच्या प्रतिसादाला माझ्याकडून मनापासून नमस्कार. त्यात गीरचंही जोडते कारण तेही पुण्यातच उलगडलं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात सिंह पटापट मेले, वीसहून जास्त, आधी बोललं जात होतं की आपसातल्या मारामारीत मेले. नमुने एनआयव्हीला आले आणि कॅनाइन डिस्टेंपर निघाला, कुत्र्यांना होतो तो. टांझानियात सेरेंगेटीला १९९४ मध्ये याच विषाणूने तिथले जवळपास एक तृतीयांश सिंह नेले होते, म्हणून गीरचं ऐकून सगळ्यांच्या पोटात गोळा आला. निदान हातात होतं म्हणून उरलेले कळप वेगळे करणं, लस मागवणं, आजूबाजूच्या कुत्र्यांना लस देणं हे करता आलं. मारामारी समजून गप्प बसलो असतो तर?

ओतूरकर

आमच्याकडं जुन्नरला उसात बिबट्या रोजचाच. मागल्या हंगामात एक बिबट्या दिवसाढवळ्या बांधावर बसलेला, माणसं आरडाओरडा करायली तरी हलंना. पोरं म्हणली म्हातारा आसंल, कुणी म्हणलं पिसाळलाय. वनखात्यानी येऊन बेशुद्ध करून माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात नेला. आसं दिसलं तर आमी काय समजायचं? आन बेशुद्ध केल्यावर डॉक्टर नक्की बघत्यात काय?

वनतुळस

ओतूरकर दादा, तुम्ही लांब राहिलात आणि वनखात्याला बोलावलंत हे सगळ्यात योग्य झालं. बिबट्या माणसाला बघून हलत नाही म्हणजे काहीतरी गंभीर आहे एवढंच समजायचं, बाकी समजायचं काम आमच्यावर सोडा. फासकीने कमरेला झालेली जखम असू शकते, गाडीची धडक लागून मणक्याला मार असू शकतो, सुळे तुटून उपासमार, आणि हो, रेबीज किंवा डिस्टेंपरही असू शकतो कारण तुमच्याकडचे बिबटे कुत्री खातात आणि कुत्र्याचा आजार त्यांना मिळतो. म्हणूनच जवळ जायचं नाही आणि तो मेलेला वाटला तरी हात लावायचा नाही. १९२६ हा वनखात्याचा नंबर गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

बेशुद्ध केल्यावरचा अर्धा-पाऊण तास म्हणजे आमच्यासाठी सगळं काही. तो प्राणी पुन्हा असा हाताला लागणार नाही. त्यामुळे एकजण फक्त श्वास, नाडी, ताप बघत बसतो, दुसरा दात बघतो, वजन, रक्त, नाकातोंडाचे स्वॅब, विष्ठा, अंगावरची गोचीडसुद्धा बाटलीत घ्यायची कारण गोचिडीतून येणारे रक्तातले परजीवी बिबट्यात सापडतात. मानेत चिप आहे का तेही बघायचं, कधी कळतं की हा आधी पकडून सोडलेला आहे आणि मग त्याचे जुने रिपोर्ट समोर ठेवता येतात, यासारखं सुख नाही.

हरीण, काळवीट यांचं मात्र फार जपून. ते पाठलागाने मरतात. पळवलं, दोरीने बांधलं, गर्दी जमली, की स्नायू आतल्या आत फुटायला लागतात, लघवी तपकिरी होते, रक्तात सीके नावाचं एन्झाइम प्रचंड वाढतं आणि सुखरूप सोडलेलं हरीण दोन-चार दिवसांनी मरतं. लोकांना वाटतं आम्ही तर वाचवलं होतं. त्यामुळे हडपसर-दिवे घाटाकडे कुठे हरीण वाट चुकून आलं तर त्याच्यामागे व्हिडिओ काढत धावू नका, डोळ्यावर कापड, शांतता, कमीत कमी माणसं.

धामण

सर्पमित्र आहे, सिंहगड रोड. नागपंचमीनंतर दरवर्षी गारुड्यांकडून सोडवलेले नाग येतात. तोंड शिवलेलं असतं, दात उपटलेले, आणि तहानेने तडफडत असताना दूध पाजलेलं, जे पोटाऐवजी फुप्फुसात गेलेलं असतं. तोंड उघडं टाकून मान वर धरून श्वास घेणारा, नाकातून बुडबुडे काढणारा साप बघितला की मी समजतो छाती भरलीय. लोकांना कळकळीने सांगणं आहे, साप दूध पीत नाही, त्याला ते मारतं. पकडलेला साप थंड फरशीवर ठेवू नका, सापाची प्रतिकारशक्ती उबेवर चालते, डॉक्टरकडे नेईपर्यंत ऊब द्या.

बालाजीनगर_४३

आम्ही कात्रजच्या प्राणीसंग्रहालयाच्या अगदी जवळ राहतो, मुलं लहान असल्यापासून तिथे जातोय. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैमध्ये तिथली चितळं एकामागून एक गेली तेव्हा फार वाईट वाटलं. पेपरात लाळ्या-खुरकूत निघाला असं आलं होतं. पण तो तर गाई-म्हशींचा रोग ना? तोंडात फोड येतात, खुरांत जखमा होतात, तो आजार हरणाला असा पटकन मारतो? आणि नमुने इतक्या लांब पाठवायला का लागतात, पुण्यात एवढ्या लॅब असताना?

वनतुळस

वाईट आम्हालाही वाटलं, चितळाचे कळप म्हणजे कात्रजची शान. लाळ्या-खुरकूत दोन खुरांच्या कुठल्याही जनावराला होतो, गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, हरीण. मोठ्या गाईला बहुतेक वेळा दूध आटण्यावर भागतं पण कोवळ्या जनावरात विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर जातो. पोट-छाती उघडल्यावर हृदयावर फिकट पट्टे दिसतात, वाघाच्या अंगावर असतात तसे, त्याला 'टायगर हार्ट' म्हणतात. असं जनावर तोंडात फोड दिसायच्या आतच पडतं. हे मी आजाराबद्दल सांगतेय, कात्रजच्या प्रत्येक चितळात काय दिसलं ते त्यांच्या अहवालाचं काम आहे.

आता लॅबचं. मेलेल्या हरणाकडे बघून तुम्ही चार-पाच नावं घेऊ शकता, गुरांचा घटसर्प, लाळ्या-खुरकूत, काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स, मेंढ्यांकडून हरणाला येणारा एक तापही असतो, शिवाय चाऱ्यातली विषबाधा. प्रत्येकाचा नमुना वेगळा, तो न्यायची पद्धत वेगळी. औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग निदान प्रयोगशाळा आहे, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, बरंच काम इथे होतं. पण लाळ्या-खुरकुताचा विषाणू कुठला, ओ, ए की एशिया-१, हे ठरवणारी देशाची संस्था भुवनेश्वरला आहे आणि बर्ड फ्लूसारख्या गोष्टींची अंतिम खात्री भोपाळच्या कडक बंदोबस्ताच्या लॅबमधून होते. नागपूरला गोरेवाड्यात २०२४ च्या डिसेंबरमध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या गेला, भोपाळहून उत्तर आलं एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू, मांजरकुळात. वाघ मेल्यावर पहिल्या फटक्यात कोंबड्यांचा रोग कुणाच्या मनात येईल? म्हणूनच आधी नाव ठरवून तेवढंच तपासायला पाठवू नये, सगळ्या शक्यतांचे नमुने घ्यावेत.

निवृत्त_सूक्ष्मदर्शक

याला जोडून. काळपुळीची शंका असेल, म्हणजे जनावर एकदम पडलं, पोट फुगलं, नाका-गुदातून न गोठणारं काळं रक्त येतंय, तर ते उघडायचंच नाही. जंतूला हवा लागली की तो बीजाणू बनवतो आणि ती जमीन वर्षानुवर्षं दूषित राहते. कानाच्या शिरेतून एक थेंब रक्त काचेवर घ्यायचं, रंगवायचं, बघायचं. एवढ्याने कळतं. उत्साहाच्या भरात सुरी चालवणारे तरुण बघितले की माझा जीव वर-खाली होतो.

दुसरं, नमुन्यांचं पॅकिंग. वेगवेगळ्या ठिकाणांहून येणारे खोके उघडण्यात माझी वर्षं गेली, किती वेळा आतून सडलेला चिखल निघायचा आणि त्या प्राण्याची शेवटची संधी तिथेच संपायची. ऊतकाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असेल तर अर्धा सेंटीमीटर जाडीचा कापून दहापट फॉर्मेलिनमध्ये, आणि तो फ्रीझरमध्ये टाकायचा नाही, बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. जिवाणू वाढवायचे असतील किंवा पीसीआर करायचा असेल तर त्याच अवयवाचा दुसरा तुकडा फॉर्मेलिनशिवाय, बर्फाच्या पिशव्यांत. दोन्ही लागतात. बाटलीवर पेन्सिलने लिहा, शाई पुसली जाते.

सहकारनगर_आजी

नातवाने हट्टाने आणलेलं छोटं कासव आहे, डोळ्यांमागे लाल पट्टा आहे त्याच्या. महिन्यापासून डोळे सुजून बंद झालेत, काही खात नाही. दुकानदार म्हणाला तळ्यात सोडून द्या, बरं होईल. नातू रडतोय. काय करू गं?

वनतुळस

आजी, तळ्यात अजिबात सोडू नका. हे अमेरिकेतलं रेड इअर्ड स्लायडर, आपल्या पाषाण-कात्रजच्या तळ्यांत सोडलं तर आपल्या देशी कासवांचं खाणं-जागा हिसकावतं आणि त्याचे आजारही त्यांना देतं. डोळे सुजलेत ते बहुतेक अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने, त्याला नुसतं सुकं झिंगं घालत असाल ना? पण छातीत संसर्ग असला तरी असंच दिसतं, पोहताना एका बाजूला कलतंय का बघा, कलत असेल तर फुप्फुसाचं दुखणं, मग एक्स-रे काढावा लागेल. मेडिकलमधून जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणून कुणाला टोचायला देऊ नका, जास्त झालं तर कासवाची कातडी सोलून निघते. उद्याच जवळच्या पक्षी-सरपटणारे बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या, आणि जाताना टाकीचा फोटो आणि खाण्याची डबी बरोबर न्या. नातवालाही घेऊन जा, त्याला कळू दे.

सहकारनगर_आजी

हो गं, सुकं झिंगंच देत होतो, दुकानदाराने तेच दिलं होतं. कलत नाहीये, सरळ पोहतं. उद्या नेते.

स्टेथो

एक विचारायचं राहिलं. हत्तींना टीबी होतो म्हणतात, आणि तो माणसाकडून जातो हे खरं का?

वनतुळस

खरंय डॉक्टर, पाळीव हत्तीत सापडणारा जंतू बहुतेक वेळा माणसाचाच असतो, माहुताला खोकला असेल तर आधी त्याचा एक्स-रे. एवढ्या मोठ्या छातीचा एक्स-रे निघत नाही, म्हणून सोंड धुतात. सोंडेत निर्जंतुक मिठाचं पाणी सोडायचं, हत्ती सोंड वर धरतो, मग खाली करून पिशवीत फुंकायला लावायचं आणि ते पाणी कल्चरला, असं तीन वेगवेगळ्या दिवशी, उत्तर यायला आठ आठवडेही लागतात. हत्तीला हे आधी शिकवलेलं असावं लागतं. वाघांनाही आता काही ठिकाणी शिकवतात, मांसाचा तुकडा मिळतो म्हणून जाळीला टेकून शेपूट बाहेर देतात आणि बेशुद्ध न करता शेपटीच्या शिरेतून रक्त घेता येतं. मला स्वतःला हे फार मोठं पाऊल वाटतं, कारण मग निरोगी असतानाचे आकडे दरवर्षी जमा होतात.

पाषाणकर_मीरा

ताई, धागा वाचतेच आहे आणि आज सकाळी आमच्या सोसायटीच्या पिंपळाखाली दोन कावळे मेलेले दिसले, तिसरा मान वाकडी करून बसलाय. सफाईवाले दादा कचऱ्याच्या गाडीत टाकायला निघाले होते, मी थांबवलंय. आता काय करू पटकन सांगा.

वनतुळस

थांबवलंस हे छान केलंस मीरा. कुणीही उघड्या हाताने धरू नका, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा. २०२० च्या डिसेंबरच्या शेवटी राजस्थान-मध्य प्रदेशात असेच कावळे मरायला लागले होते आणि तो बर्ड फ्लू निघाला होता, त्यामुळे एकापेक्षा जास्त कावळे एकाच जागी म्हणजे कळवायचंच. कीटकनाशकाचं विष किंवा दुसरा एखादा विषाणूही असू शकतो, इथून सांगता येणार नाही. आधी जागेवरच फोटो काढ, आसपास धान्य, मेलेला उंदीर, कसली पुडी पडलीय का तेही फोटोत घे. मग १९२६ ला फोन कर आणि पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यालाही कळव. ते येईपर्यंत मेलेल्यांवर टोपली उलटी घालून ठेव. त्यांनी उशीर होणार म्हणून सांगितलं आणि तुलाच उचलायला लावलं तर हातमोजे, मास्क, दोन पिशव्या एकात एक, आणि बर्फाच्या डब्यात, घरातल्या फ्रीजमध्ये नाही. पिसांमुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही, या उन्हात चार तासांत आतडी सडतात आणि मग कुणालाच काही सापडत नाही. जिवंत असलेल्याला पाणी पाजायला जाऊ नकोस.

पाषाणकर_मीरा

फोन लावला. तासाभरात माणूस पाठवतो म्हणाले. टोपल्या घातल्यात, सफाईवाले दादाच राखणीला उभे आहेत. झाडापलीकडे एका कोपऱ्यात गुलाबी रंगाचे दाणे सांडलेत, उंदराच्या औषधासारखे, त्याचेही फोटो काढले.

निवृत्त_सूक्ष्मदर्शक

शाब्बास पोरी. ते दाणे हातमोजे घालून एका वेगळ्या बाटलीत भर, झाकण घट्ट लाव, आणि पक्ष्यांच्या पिशवीत टाकू नकोस, वेगळी दे. विष तपासायला पक्ष्याच्या पोटातलं अन्न आणि यकृत लागेल, ते काढायचं काम त्यांचं. येणाऱ्या माणसाला आवर्जून सांग की दोन्ही शक्यता बघा. त्याचं नाव आणि पावती घे, म्हणजे अहवाल मागता येईल.

पाषाणकर_मीरा

हो काका, बाटली भरली. माणूस आला की पावतीचा फोटो इथे टाकते.